जावेच्या डोक्यातली चाई

टायफॉईडनंतर माझे केस मुठीमुठीने गळायला लागले, तेव्हा धाकटी जाऊ स्वतःहून तेलाची वाटी घेऊन आली. बाभुळगावात आमची घरं दोन, पण अंगण एकच. दर रविवारी ती तिथे लोखंडी कढईत खोबरेल तेलात माका आणि जास्वंदीची फुलं उकळायची. चरचर थांबेपर्यंत जागची हलायची नाही. गल्लीतल्या बाया बाटल्या घेऊन यायच्या, पण पहिल्यांदा डोकं तिच्याच हातून चोळून घ्यायच्या. तिच्या हाताला गुण आहे म्हणे.

मला दिसायची ती तिची कमरेखाली गेलेली वेणी. ती मागे बसून माझं डोकं चोळायची, आणि मी मनात म्हणायची, जळोत मेले हिचे केस.

पोळ्याच्या आसपास तिनं मला आत बोलावलं आणि कानामागचे केस वर धरले. रुपयाएवढी गुळगुळीत चाई पडली होती.

"बाई, तुमालेच दाखवून राह्यली. कोणाले सांगू नका. म्हनतीन, हिलेच जमलं नाही तं आपल्याले काय देते!"

"मी कायले सांगू?" म्हणत मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. खरं सांगते, त्या दिवशी मला भूक छान लागली.

मग चक्कीवर दळणाच्या रांगेत समोरची बाई म्हणाली, "तुमच्या जावेचं तेल म्हंजे लय गुणाचं हो!"

"असन," मी म्हटलं, "पन तिलेच चाई पडली, तं आता काय म्हनाव?"

पुढच्या रविवारी अंगणात एकही बाटली आली नाही. कढई तशीच निवली. जाऊ मात्र वाटी घेऊन माझ्या मागे बसली. बोटं फिरता फिरता थांबली.

"बाई, काहून सांगतलं?"

"मी नाही वं..."

"तुमच्याशिवाय कोणाले दाखवलंच नव्हतं. घरच्या मानसालेबी नाही."

मी वळून पाहिलं नाही. तिनं माझी बारकी वेणी घातली, रबर लावला आणि उठून गेली.

आता ती तेलाची बाटली माझ्या खिडकीत ठेवून जाते. माझं मीच लावते. बाया हळूहळू परत यायला लागल्या. तिच्या चाईवर आधी पांढरी लव आली, मग काळे केस. तेलानं आले की यवतमाळच्या डॉक्टरच्या औषधानं, तिलाच ठाऊक. माफी मागायला मी कितीदा तरी तिच्या दारापर्यंत जाते. तेवढ्यात ती न्हाऊन केस वाळवायला उन्हात येते, आणि त्या केसांकडे बघत मी तोंडाशी आलेलं परत गिळते.