भाला कुठे पडला?

इऑन गेल्याचं कळलं ते त्याच्या बहिणीच्या ईमेलवरून. दोन ओळींत अपघात, आणि तिसऱ्या ओळीत... "आई विचारतेय, त्या व्हिडिओतला भाला शेवटी कुठे पडला?" पोरगा गेलाय आणि ही माउली भाल्याचं विचारतेय! आधी नवलच वाटलं. मग आठवलं, हा प्रश्न तेव्हा अर्ध्या जगानं विचारला होता.

स्टेट कॉलेज नावाच्या अमेरिकन गावात शिकताना मी आणि इऑन एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. मी नागपूरचा, तो मोल्डोव्हाचा, भालाफेकीच्या स्कॉलरशिपवर आलेला. मोल्डोव्हा नकाशात कुठे आहे ते त्यानं मला दाखवलं, आणि खंडेनवमी म्हणजे काय ते मी त्याला. मी लॅपटॉप, पुस्तकं मांडून पूजा करत होतो, तर गड्यानं आपला भाला आणून शेजारी ठेवला. मी कुंकू लावलं. म्हटलं, "आज याला वापरायचं नाही. आणि उद्यापासून आधी नमस्कार, मग प्रॅक्टिस." त्यानं खरोखरच प्रॅक्टिस कॅन्सल केली! कोच भडकला, हा ढिम्म. "आज भाल्याची सुट्टी आहे," म्हणाला.

पुढे खांदा कुरकुरायला लागला. देशाच्या टीममध्ये जायची एकच संधी उरली, उन्हाळ्याच्या तोंडावरची एक छोटी स्पर्धा. त्या दिवशी त्यानं माझ्याकडून कपाळावर कुंकू लावून घेतलं. कॅमेरा माझ्या हातात होता. तो धावत आला, भाला सोडला आणि असा काही ओरडला की शेजारच्या बाईंची कॉफी सांडली. भाला हव्या त्या खुणेच्या चांगलाच पलीकडे गेला... आणि पंचांनी लाल झेंडा वर केला. पाय रेषेबाहेर गेला होता. फाउल.

"आईनं मला फेकताना कधीच पाहिलं नाही यार. झेंड्याच्या आधी कट कर," तो म्हणाला. मी भाला हवेत असेपर्यंतचा तेवढाच तुकडा इंटरनेटवर टाकला आणि बघता बघता तो कुठल्या कुठे पोचला! ती आरोळी, तो लाल ठिपका... लोक हिरिरीनं वाद घालायचे, रक्त की रंग? भाला पडला कुठे? त्याच्या गावात तर म्हणे, पडलाच नाही, अजून उडतोय. टीममध्ये त्याचं नाव लागलं नाही. गाजली ती नेमकी न मोजलेली फेक. "राग नाही येत?" मी विचारलं. "लोक तो कुठे कुठे पाडतात, ते बघतोय," म्हणाला आणि हसला. पूर्ण व्हिडिओ मात्र त्यानं कधी पाहिला नाही.

ईमेल आल्यावर मी माझ्या आत्ताच्या नेपरव्हिलच्या घरी तो व्हिडिओ शोधून काढला. झेंड्यानंतरही कॅमेरा चालू होता, हे मी विसरूनच गेलो होतो. इऑन मान खाली घालून चालत जातो, मातीत रुतलेल्या भाल्यापाशी थांबतो. उपटण्याआधी वाकतो, भाल्याला हात लावतो आणि तो हात कपाळाला... मला भडभडून आलं.

त्याच्या आईला हे पाठवावं का? झेंडाही दिसणार. मी किती दिवस मनात घोळवत बसलो. वैशाली, माझी बायको, म्हणाली, "अरे, आई आहे ती. तिला सगळा मुलगा बघू दे."

पाठवला. बहिणीचं उत्तर आलं. "झेंड्याचं आईला काही वाटलं नाही. ती विचारतेय, त्यानं भाल्याला हात लावून कपाळाला का लावला? आणि तो भाला आता कुठे आहे?"

खेळ सोडताना त्यानं तो मलाच दिला होता. आमच्या बेसमेंटच्या भिंतीवर आडवा टांगलेला असतो. परवा खंडेनवमीला खाली काढून पुसला, कुंकू लावलं, आणि त्याच्या आईला नमस्काराचं सगळं सांगून शेवटी लिहिलं, "भाला माझ्या घरी आहे, आई. आज त्याची सुट्टी आहे."