निवाईच्या पंगतीतली भाकर

या सदरातले अनुभव मी सकाळच्या चहाबरोबर वाचतो आणि बहुतेक वेळा हसतो. कुणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कुणाच्या घरातले लाइट आपोआप जातात... लाइट आपोआप जात नसतात हो! सगळी नोकरी मी विजेच्या खात्यात काढली. दिवा गेला म्हणजे कुठे तरी वायर सुटलेली असते, फ्यूज उडालेला असतो, नाहीतर कुणी तरी आकडा टाकलेला असतो. इतक्या वर्षांत खांबावर भूत म्हणून कधी सापडलं नाही. त्यामुळे हे लिहायला बसावं की नाही, यातच माझं वर्ष गेलं. हसायचं असेल तर खुशाल हसा.

मी परभणीत राहतो, एकटाच. बायको गेली, मुलगी बेंगळुरूला असते. तिचा रविवारी फोन येतो. बाकी आठवडाभर घरात दोनच आवाज — कुकरचा आणि माझा. मी कुकरशी बोलतो. "झालं का तुझं?" असं विचारतो. शिट्टी झाली की बरं वाटतं, कुणी तरी उत्तर दिलं म्हणून.

माझा मोठा भाऊ, दादा, मानवतला. परभणीहून एसटीनं जेमतेम तासाची वाट. पण आमचं बोलणं बंद होतं, आई गेली तेव्हापासून. त्या वेळी मी नोकरीनिमित्त भुसावळला होतो. निरोप मिळाला तसा निघालो, गाडी वाटेत रखडली. दादाला फोनवर म्हणालो, "मी येतोय, थांब." तो थांबला नाही. मी पोचलो तेव्हा राख गरम होती. उन्हाळा होता, माणसं खोळंबली होती, जाणत्यांनी घाई केली — हे सगळं मला लोकांनी सांगितलं. दादा स्वतः एक शब्द बोलला नाही, मीही विचारलं नाही. त्यानं थांबायला हवं होतं असं मला आजही वाटतं. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून देवीनं मला शहाणं केलं असं कुणाला तरी वाटायचं.

पुढे दादाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं गेलं. मला कळलं होतं. स्टँडवर मानवतची गाडी लागलेली दिसायची, मी दुधाची पिशवी घेऊन घरी परत यायचो.

आता देवीचं सांगतो. आमचं मूळ गाव चुडाव्याच्या बाजूला, नाव मुद्दाम देत नाही. गावाच्या शिवेवर निवाई आहे. देऊळ नाही, एका लिंबाखाली गुळगुळीत शिळा. शेंदूर नाही, हातात शस्त्र नाही, घंटा नाही. तिच्यापुढे नारळसुद्धा फोडत नाहीत, आवाज होतो म्हणून. फक्त लोणी लावतात. म्हणतात की फार पूर्वी दोन गावं पाण्यावरून काठ्या-कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर आली, तर मधोमध एक बाई भाकरी थापत बसलेली. ती उठेना. उन्हं चढली, दोन्हीकडच्यांना भुका लागल्या. बाईनं यांच्या शिदोरीतली भाकर त्यांना दिली आणि त्यांच्यातली यांना. खाल्लेल्या अन्नावर काठी कशी उचलणार? परतले सगळे. बाई काही कुणाला परत दिसली नाही, ही शिळा दिसली.

तेव्हापासून माघात नव्या ज्वारीची तिथे मुकी पंगत बसते. शिवेचा दगड ओलांडला की बोलायचं नाही. प्रत्येकानं एकच भाकर आणायची, तीही स्वतःच्या हातानं थापलेली. त्यात पाटील असो, मास्तर असो, सूट नाही. बायकांच्या भाकरी बघण्यासारख्या, आणि बाप्यांच्या... एकेक म्हणजे जिल्ह्याचा नकाशा! सगळ्या भाकरींचा पांढऱ्या धडप्यावर एक ढीग होतो. पुजारीण त्यातली हाताला येईल ती एकेकाला देते. ज्याची भाकर खाल्ली त्याच्याशी वैर धरायचं नाही. आणि कुणाची खाल्ली हे कळतच नाही, म्हणून मग कुणाशीच धरायचं नाही. असा साधा हिशेब.

गेल्या माघात मी तिथे गेलो तो श्रद्धेनं नाही. खरं कारण सांगतो — घरी मी एकटा गप्प असतो. म्हटलं, एक दिवस माणसांत गप्प बसू.

मोबाइलवर व्हिडिओ लावून भाकर थापली. पहिली तुटली, दुसरी परातीला चिकटली, तिसरी कडेला करपली. तीच फडक्यात बांधली आणि सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. पिंगळी गेलं, पूर्णा गेलं, चुडाव्याला उतरून शेताशेतानं चालत गेलो. शिवेच्या दगडापाशी गयामाय बसली होती. म्हणजे तिथली पुजारीण, सगळ्यांची भाकर बघूनच आत सोडणारी.

"सोताच्या हातची हाय का?"

"हो."

तिनं फडकं उलगडून बघितलं. "दिसायलीच की," म्हणाली. "जा. आता त्वांड बंद."

आत बरीच माणसं होती, पण आवाज फक्त लिंबाच्या पानांचा. एक म्हातारा मला ओळखून हसला, मीही हसलो. कुणी तुमचं कसं चाललंय विचारत नाही, त्यामुळे "बरं चाललंय" असं खोटं बोलावं लागत नाही. मी रांगेत मांडी घातली. पुढ्यात पळसाच्या पत्रावळीवर वरण आणि ठेचा पडला. गयामाय ढिगातून भाकरी काढत आली आणि माझ्या पत्रावळीवर एक ठेवून पुढे गेली.

मी तुकडा मोडायला भाकर उलटी केली आणि हात तिथेच थांबला.

हे समजायला आमचं लहानपण सांगायला हवं. दादाच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट नाही, कडबा कापायच्या यंत्रात गेलं. आई आजारी पडली की तोच भाकरी करायचा. त्या बोटाच्या जागी पीठ दबायचं नाही आणि भाकरीत एक उंचवटा राहायचा, शेताच्या बांधासारखा. आम्ही तिला बांधाची भाकर म्हणायचो. मी पडलो खोडकर, खरपूस भाकर कुणाची यावर रोज रडारड. म्हणून दादा माझ्या भाकरीच्या काठाला ओली असतानाच नखानं दोन टोचे मारून ठेवायचा, शेजारी शेजारी. ही बाळूची. आईलासुद्धा ही खूण ठाऊक नव्हती.

माझ्या हातातल्या भाकरीला बांध होता. कडबाकुट्टीनं या जिल्ह्यात कितीतरी बोटं खाल्लीत, असेल दुसरा कुणी, असं मी मनात म्हटलं. मग काठावरून अंगठा फिरवला.

दोन टोचे. शेजारी शेजारी.

आणि भाकर ऊन होती. ढिगातल्या बाकीच्या सकाळपासून पडून गार झालेल्या. मी शेजारच्याच्या भाकरीला हात लावून बघितला, तो बिचारा दचकला. त्याची गार होती. मला ओरडून विचारायचं होतं की ही कुणी आणली, दादा आलाय का इथे? पण तोंड उघडायची सोय नाही. मान वळवून एकेक चेहरा बघितला. दादा कुठला यायला, त्याला कुशीवर वळवायलासुद्धा दोन माणसं लागत होती.

मी खाल्ली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ठेचा तिखट होता असं समजा. अर्धी खाल्ली आणि अर्धी रुमालात बांधली.

शिवेबाहेर येऊन गयामायला गाठलं. "ही भाकर कुणी आणली होती, माय?"

"ते इचारायचं नस्तं, बाबा," ती म्हणाली. "ढिगाला नाव न्हाई. खाल्ली का न्हाई तू?"

"खाल्ली."

"मंग जा की आता. हितं काय करायलायस?"

परभणीला उतरलो तो घरी न जाता तसाच मानवतच्या गाडीत बसलो. उन्हं कलली होती. वहिनीनं दार उघडलं आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"भावजी... तुमी?"

मी देवीचं काहीच बोललो नाही. आधी माझ्यातला वीजवाला जागा झाला. म्हटलं, कुठे तरी वायर सुटली असेल, ती आधी शोधू. "वहिनी, सकाळी कुणाच्या हाती भाकर पाठवली होती का, निवाईला?"

"भाकर? घरात ज्वारीचं पीठच न्हाई, भावजी. ह्यांला चावत न्हाई म्हणून आमी पोळ्याच करतो. त्या बी दुधात कुस्करून."

मी रुमाल सोडून अर्धी भाकर दाखवली. तिनं बांध बघितला. इतकी वर्षं त्याचा हात बघितलेली बाई, तिला सांगावं लागलं नाही. पदर तोंडाला लावून ती खाली बसली. म्हणाली, "सकाळी ह्यांच्या उजव्या हाताला पांढरं लागलं हुतं. बोटांच्या बेचक्यात सुदिक. पाठीला पावडर लावतो ना आमी, तीच आसंल म्हणून पुसून काढलं म्या..." मग मान वर केली. "पण पावडरीला वास आस्तो, भावजी. त्याला न्हवता."

दादा आतल्या खोलीत, खिडकीजवळ. केवढा लहान झाला होता! उजवा हात चादरीवर, कुणी तरी ठेवून विसरल्यासारखा. मी समोर उभा राहिलो. भाकर त्याच्या डाव्या हातात दिली. त्यानं ती बघितली नाही. माझ्याकडे बघत होता आणि बोटं हळूहळू काठावरून सरकत होती. दोन टोच्यांपाशी आली आणि थांबली.

मग त्याचं तोंड हलायला लागलं. नुसता घशातला आवाज, शब्द काही होईना. पुन्हा, पुन्हा. वहिनी मला म्हणाली, झटका आल्यापासून एक अक्षर निघालेलं नाही, तुमी तरास करून घेऊ नका. शेवटी निघालं.

"थां...ब."

बाहेर शेवटच्या गाडीची वेळ झाली होती. मी थांबलो.

पुढचे सगळे दिवस मी मानवतलाच होतो. तो पुन्हा बोलला नाही. मी बोलायचो, कुकरपेक्षा बरा श्रोता होता. एकदा धीर करून म्हटलं, "दादा, त्या दिवशी तू थांबायला पाहिजे होतंस." त्यानं डोळे मिटले आणि मान हलवली. होकारार्थी. इतक्या वर्षांचं भांडण, मिटायला मान हलवण्याइतका वेळ लागला. ते आधी का नाही झालं याचा आता राग येतो, पण तो कुणावर काढायचा?

चैत्रात तो गेला. उन्हाचा कडाका होता. तिरडी बांधून झाल्यावर एक जाणता मला म्हणाला, "कुणी यायचं राहिलंय का? वाट बघायची का?"

मी म्हणालो, "नाही. मी इथेच आहे."

विचार मी खूप केला. गावातल्या कुणाला तरी दादानं ती खूण कधी काळी सांगितली असेल. कुणी तरी मुद्दाम केलं असेल. पण मी त्या दिवशी जाणार हे माझं मलाच आदल्या दिवशीपर्यंत नक्की नव्हतं, आणि ढिगातून नेमकी तीच गयामायच्या हाताला कशी यावी? ऊन कशी असावी? कुठलीच वायर सापडली नाही. तुम्हाला सापडली तर कळवा, मनापासून सांगतो.

यंदाही पंगतीला गेलो होतो. भाकर आता बरी जमते मला. गयामायनं पत्रावळीवर ठेवली तशी मी आधी उलटी करून बघितली, मग काठ चाचपला, सगळीकडून. गुळगुळीत होता. कुणा अनोळखी माणसाची भाकर, गार आणि थोडी खारट. सगळी खाल्ली.