दहाच्या तीन तऱ्हा

नव्वदच्या दशकात जपानमधल्या कावासाकीत आमच्या इमारतीखाली एक लाँड्रीवाल्या बाई होत्या. दुपारी गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर दोन फासे काढून, "ओकुसान," म्हणजे बाईसाहेब, "चला लवकर!" अशी मला हाक मारत. पणाला कपड्यांतून गळालेली बटणं असत. जिंकलं की त्यांच्या डब्यातून आणखी मिळत.

मी फासे टाकले की त्या कायम माझ्या विरुद्ध पैज लावत. "सातची बेरीज सहा तऱ्हांनी पडते, दहाची तीनच," असं बोटं नाचवत सांगत.

एकदा माझ्याकडे एकच बटण उरलं आणि पहिल्याच फेकीत दहा पडले. खेळाच्या नियमाने, जिंकायला आता सातच्या आधी पुन्हा दहा पडायला हवे होते.

"मघाशी तीनदा सात पडलेत, आता नाही पडायचे," मी म्हणाले.

"फाशांना आठवण नसते," त्या म्हणाल्या, आणि स्वतःचं लाडकं शिंपल्याचं बटण त्यांनी चक्क माझ्या बटणाशेजारी, माझ्याच बाजूने ठेवलं!

पाच पडले, मग आठ, मग नऊ. दर फेकीला त्या काउंटरवर थाप मारत होत्या. आणि पाच-पाच, दहा! आम्ही दोघी अशा ओरडलो की कोट घेऊन आलेला माणूस दारातच थबकला.

"आज तुमचा हिशोब कुठे गेला?" मी विचारलं.

"हिशोब बरोबरच होता," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पण तुमच्या बाजूला कुणीच नव्हतं."