व्याजाचे रोडगे

रोखेवाल्या जिजीचा आवाज असा होता, की मोताळ्यात तिनं अंगणातून हाक मारली तर तिकडं राजूरच्या घाटात चढणारी एसटी थांबायची. ड्रायव्हर खाली उतरून विचारायचा, "कोण राह्यलं रे मागं?" हे मी शपथेवर सांगतो. शपथ थोडी इकडं-तिकडं असेल, पण आवाज खरा होता. माझं कापडाचं दुकान तिच्या भिंतीला भिंत लागून. ती ओरडली की माझ्या फळीवरच्या थानांच्या घड्या आपोआप उलगडायच्या आणि गिऱ्हाइकाला माल दाखवायचे माझे कष्ट वाचायचे.

पण ही हाक वर्षातून दोनदाच यायची, तिच्या घरी पंगत असेल तेव्हा. लोक जेवून उठायला आले की जिजी कमरेवर हात ठेवून दारात उभी राहायची आणि गल्लीच्या पार टोकाला विचारायची, "उपाशी राह्यलं काय बे कोणी?" एरवी ते घर इतकं गप्प असायचं, की भिंतीपलीकडं जिजीनं भाकरी मोडलेली मला दुकानात ऐकू यायची. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता. सरकार कर्जरोखे काढायचं आणि तालुक्याचे साहेब बड्या शेतकऱ्यांना ते घ्यायला सांगायचे. जिजीच्या मालकांनी कपाशीच्या एका चांगल्या हंगामाचा सगळा पैसा त्यात घातला. हिशेब साधा होता. पैसे सरकारनं वापरायचे, वर्षाला शंभरावर चार रुपये व्याज दोन हप्त्यांत द्यायचं आणि दहा वर्षं सरली की मुद्दल परत. कागद घरी आला आणि मालक गेले. मूलबाळ नव्हतं. शेत बटाईनं गेलं. एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईला बोलायला घरात कोणी उरलं नाही.

पहिलं व्याज आणायला ती एकटीच बुलढाण्याला गेली. खजिन्याच्या कचेरीत कारकुनानं रोख्याच्या पाठीवरच्या चौकोनात शिक्का मारला आणि पैसे हातात ठेवले. परत येताना तिनं गहू घेतले, भरड दळून आणले, अंगणात गोवऱ्या पेटवल्या आणि आरात रोडगे टाकले. सोबत वांग्याची भाजी, वरण आणि तूप असं वाहणारं, की मांजरं पोहत होती. अख्खी गल्ली जेवली. मी विचारलं, "जिजी, कशाची पंगत?"

"व्याजाची."

"अवं, व्याजाची कोणी पंगत घालते काय?"

"मंग काय करू? एकटीच्या नरड्याखाली उतरत नाही थे. मुद्दल खाचं नाही अन व्याज एकट्यानं खाचं नाही, बापू."

तेव्हापासून तो नियमच झाला. पंगत व्याजाच्या पैशांतूनच घालायची. त्यात बटाईचा दाणा मिसळायचा नाही, शेजाऱ्याचा तर नाहीच.

पुढं गव्हाचा भाव वाढायला लागला. तुरीचा वाढला, तुपाचा तर विचारूच नका, तूप तेव्हा सराफाकडं विकायला ठेवतील असं वाटायचं. शंभराचे चार मात्र चारच राहिले. पहिल्या पंगतीला आलेल्या सगळ्यांना पुरतील इतके रोडगे आता त्या पैशांत होईनात. मग जिजीनं गल्लीच्या टोकापासून एकेक घर सोडायला सुरुवात केली. कोणाला 'येऊ नका' म्हणायची तिची छाती नव्हती. पंगतीचं बोलावणं करायच्या दिवशी ती त्यांच्या दारावरून जायचीच नाही, मागच्या नाल्याकडून चिखल तुडवत घरी यायची.

लोकांना ते कळायचं. एकदा विहिरीवर शिंप्याच्या बायकोनं तिला टोचलंच, "काय वं जिजी, सरकारनं व्याज कमी केलं काय?"

"सरकार तेवढंच देते, बाई. गहूच मोठे झाले."

सगळे हसले. जिजीही हसली. पण शिंप्यानं तिच्याशी बोलणं सोडलं. त्याच्यामागं सुतार गेला, मग कोपऱ्यावरचे मास्तर. जेवण तुटलं तसं येणंजाणंही तुटलं. मी एकदा गव्हाचं पोतं गुपचूप तिच्या ओसरीवर ठेवलं. दुपारी तिनं बटाईदाराच्या डोक्यावर देऊन ते परत पाठवलं आणि भिंतीपलीकडून ओरडली, "हे व्याजाचे नाहीत बे! तुले पंगत घालाची असन तर तुह्या घरी घाल. येईन मी जेवाले!"

त्याच सुमारास बुलढाण्याचा एक दलाल रोखा विकत मागायला आला. शंभराच्या रोख्याला ऐंशी देतो म्हणाला. गल्लीत बोंब झाली, जिजीचा कागद बुडाला. जिजी शांत होती.

"बुडला कायले? बँकेतल्या नव्या म्हशी आता जास्त दूध देऊन राह्यल्या, म्हणून माह्या म्हशीले भाव कमी. पण माही म्हैस आटली नाही, देते तेवढंच देते." मग दलालाकडं वळून म्हणाली, "ऐंशीत नेशीन अन वर्साले चार घेशीन, म्हणजे तुले शेकड्याले पाच पडले. वरून मुदत सरल्यावर सरकार तुले पुरे शंभर देईन. लय हुशार हायेस, लेका. चहा पे अन जाय."

दलाल गेला. मी माझं डोकं चालवलं. म्हटलं, "जिजी, पण ऐका. ऐंशी घ्या आणि सात टक्क्यांनी बँकेत ठेवा. साडेपाचच्या वर व्याज येईल. चारापेक्षा जास्तच झालं ना? सुटलेली घरं पुन्हा जेवायला बसतील."

ती बराच वेळ चुलीतली राख काडीनं उकरत बसली. तिला मोह झाला होता, मला दिसत होतं.

"हिशेब बराबर हाय तुहा," ती म्हणाली. "आज अर्धी गल्ली वापस येईन. पण शंभरातले वीस तर गेले ना? थे मुद्दल माह्या तेरवीचं हाय, बापू. ज्यायले आता सोडलं, त्यायले तवा बोलवाचं हाय. सारेच्या सारे. वीस कमी पडले तर शेवटची ओळ उपाशी उठन."

"तोवर काय, एकट्याच बसाल?"

"बसतो ना. तू हायेस भिंतीपलीकडं."

रोखा तिनं विकला नाही. शेवटच्या व्याजाच्या पंगतीला मी एकटाच होतो. तिनं मला असं वाढलं जणू अंगणात गाव बसलंय. "त्या ओळीले वरण द्या! इकडं तूप!" वाढणारी तीच आणि ओळ मीच. मी उठलो तशी ती दारात गेली, कमरेवर हात ठेवला आणि गल्लीला विचारलं, "उपाशी राह्यलं काय बे कोणी?" आवाज तोच होता, मोताळ्याच्या बाहेर जाणारा. शिंप्याच्या घरात दिवा होता. दार उघडलं नाही.

रोख्याची मुदत सरली. मुद्दल आणायला मी तिच्यासोबत बुलढाण्याला गेलो. कारकून म्हणाला, "आजी, आता यायचं काम नाही." परतीचा घाट लागला. एसटीतली माणसं मागं वळून पाहत होती, जिजी गप्प कशी म्हणून. म्हटलं, "बँकेत टाकू, जिजी. सात टक्के."

"आता व्याजाची घाई नाही, बापू. मुद्दलाचा वखत आला." तिनं पैसे मोताळ्याच्या पोस्टात ठेवले, पासबुकावर माझं नाव जोडलं, आणि त्याच हिवाळ्यात गेली.

तेरवीला मी तिनं सोडलेल्या प्रत्येक दारावर गेलो. नाल्याकडून नाही, समोरून. सगळे आले. अंगण पुरेना म्हणून ओळी रस्त्यावर गेल्या. शिंपी पहिल्या ओळीत होता, खाली मान घालून रोडगा कुस्करत होता. त्याच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "गोवऱ्यांचा धूर लय झाला." शेवटच्या ओळीलाही तूप पुरलं.

माणसं उठायला आली. कोणीतरी विचारायला पाहिजे होतं. मी दारात गेलो, कमरेवर हात ठेवला, छाती भरून घेतली आणि ओरडलो, "उपाशी राह्यलं काय बे कोणी?"

आवाज अंगणाच्या बाहेर गेला नाही. घाटात एसटी चढत असेल. ती थांबली नाही.