अत्तरवाल्या सिस्टरांचं नाक

केमोथेरपीच्या वॉर्डात त्यांना सगळे अत्तरवाल्या सिस्टर म्हणत. अत्तर त्यांच्याकडे कधीच नव्हतं. खिशात दोन शिश्या असत: मळमळणाऱ्यांसाठी पेपरमिंटचं तेल, सुईला घाबरणाऱ्यांसाठी लव्हेंडरचं. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब टाकायचे आणि बोळा उशीशी ठेवायचा. औषधं आपल्या वेळेला चालूच असत, हे नुसतं जोडीला. मोठ्या डॉक्टरांनी आधी नाक मुरडलं. पेशंटच बोळा मागू लागले, तेव्हा गप्प बसले.

एका वर्षी सिस्टर आठ दिवस तापानं अंथरुणाला खिळल्या. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. गॅसवरचं दूध करपून कोळसा झालं, शेजारच्या खोलीतून नवरा धावत आला, आणि ह्या ओट्यापाशीच उभ्या. वॉर्डात सांगून टाक, असं तो म्हणाला. पण शिश्या काढून घेतील या धास्तीनं त्यांनी ब्र काढला नाही. शिश्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून निभेल, असं स्वतःला समजावलं.

चिठ्ठ्या तेलानं पुसट झालेल्या. महिन्याभरानं कोपऱ्यातल्या खाटेवरच्या ड्रायव्हरकाकांना मळमळून आलं. जन्मभर बस चालवलेला, अबोल माणूस. सिस्टरांनी घाईत बोळा दिला आणि काकांनी तो हुंगताच चादरीवर ओकारी केली.

तोंड पुसून ते म्हणाले, "हा रोजचा वास नाही. तुम्हाला आला नाही का?"

चूक शिशीवर ढकलता आली असती. सिस्टर स्टुलावर बसल्या.

"नाही, काका. महिना झाला, मला कसलाच वास येत नाही."

काकांनी बोळा त्यांच्या हातात परत दिला. "मग आधी मला हुंगवत जा. मी सांगेन कुठली ते."

सिस्टरांनी चादर बदलली आणि तशाच मेट्रनकडे गेल्या. मेट्रननं त्यांना चांगलंच फैलावर घेतलं, शिश्या कपाटात घातल्या. चौथ्या दिवशी परत दिल्या, त्या तीन अटींवर: छापील चिठ्ठ्या लावायच्या, दुसऱ्या नर्सकडून तपासून घ्यायचं, आणि पेशंटनं ओळखल्याशिवाय बोळा ठेवायचा नाही.

त्यामुळे वॉर्डात बोलणं वाढलं. लव्हेंडर कुणाला साबणाच्या नव्या वडीसारखं वाटे, कुणाला आत्याच्या कपाटासारखं. मग आत्याची हकीकत निघे. सिस्टर ऐकून घेत.

ड्रायव्हरकाका उपचार संपवून स्वतःच्या पायांनी घरी गेले. वर्षाअखेर सिस्टरांना पेपरमिंट थोडं कळू लागलं. लव्हेंडर निवृत्तीपर्यंत कळलं नाही.