पेटी मध्येच थांबली तेव्हा

शिरूरपलीकडच्या एका लहान ख्रिस्ती मंडळीतून फोन आला आणि मी विचार न करताच "येते!" म्हणाले. कापणीच्या सणाच्या उपासनेला पेटी वाजवायची होती. फोन ठेवल्यावर मग बोटं आठवली. मला संधिवात आहे. हल्ली डब्याची झाकणंही आमचे हे उघडून देतात.

"ऐन वेळी बोटं चाललीच नाहीत तर?" मी ह्यांना विचारलं.

"मी वाजवेन. मंडळी आपोआप घरी जाईल," असं म्हणून त्यांनी पेटी गाडीत नेऊन ठेवलीसुद्धा.

रविवारी उजाडताच खडकीहून निघालो. तुम्ही कधी त्या बाजूला गेलात तर लवकरच निघा, नाहीतर वाघोलीच्या कोंडीत अडकाल. शिक्रापूरला झणझणीत मिसळ आणि चहा, दोघांचं अडीचशेच्या आत. घोडनदीचा पूल ओलांडून आत वळलो तर दोन्ही बाजूंना तूर पिवळीधमक फुललेली! शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी मी खिडकीला चिकटले होते.

चर्च पत्र्याचं. वेदीपाशी बाजरीची कणसं, भोपळे, टोपलीत अंडी. "सलाम, बाई!" म्हणत मंडळीतल्या वयस्कर ताराबाई पुढे आल्या. "आमचे पेटीवाले गुरुजी वारले, तवापासून कुणी गातच नाय. उपासना घेणारे पाळक एकटेच गीतं म्हणत्यात, आमी ऐकतो."

मी पेटी उघडता उघडता मनात म्हटलं, देवा, एवढी उपासना होईपर्यंत बोटं दे, दुसरं काही नको.

पाळकांनी त्या दिवशी गाणं माझ्यावरच सोपवलं, त्यामुळे पहिल्या गीताला मी एकटीच गात होते. दुसऱ्याच्या मध्यावर उजव्या हाताची बोटं आखडली ती आखडलीच. पेटी थांबली, मीही थांबले. शरमेनं मान वर होईना.

आणि मागून आवाज आला. चिरका, जरा बेसूर. ताराबाईंनी पुढची ओळ उचलली होती! त्यात एक जाडाभरडा आवाज मिसळला, मग तिसरा, आणि बघता बघता सगळं चर्च गाऊ लागलं. मी मनगटानंच पेटीवर ठेका धरला.

नंतर पंगतीत भाकरी, शेंगोळे आणि ठेचा. वाढता वाढता ताराबाई म्हणाल्या, "तुमी झ्याक वाजवीत होता, मग आमी कशाला त्वांड उघडतोय? तुमी थांबलात, तवा कुणीतरी गायाच पायजे झालं."

परतताना माझी बडबड थांबेना. "अहो, मी मागितलं ते देवानं दिलंच नाही! आणि दिलं काय, बघा!"

"बोटं चालली असती तर सगळी गीतं तू एकटीनंच संपवली असतीस," हे रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले.

घरी येऊन हात गरम पाण्यात बुडवले. दुखणं आहे तसंच आहे. पण माझ्याकडचं धडधाकट तेवढंच देवाच्या उपयोगाचं, असं मला इतकी वर्षं वाटायचं, ते आता वाटत नाही.

परवाच्या रविवारी स्वयंपाक करताना फोन वाजला. ताराबाईंचा होता, पण त्या बोलत नव्हत्या. फोन नुसता मंडळीकडे धरला होता. पेटीबिटी काही नाही, आणि सगळे गात होते. मी गॅस बंद केला आणि इकडून सूर लावला.