न उघडलेली बाटली

दवाखाना बंद होऊन बरीच वर्षं लोटली होती, तरी मंडळात त्यांना कंपाउंडर हेच नाव होतं आणि तेही त्या नावाला खुशीनं ओ देत. डॉक्टरांच्या हाताखाली उभा जन्म गेला. पुड्या बांधल्या, मिश्रणं ढवळली, बाटल्यांवर मात्रेच्या कागदी पट्ट्या चिकटवल्या. त्या पट्ट्यांवर लिहून लिहून अक्षर मोहरीएवढं झालं होतं आणि त्याच अक्षरात ते उतारवयात कथा लिहू लागले. कथा सगळ्या दवाखान्याच्याच. त्यांत पराक्रम करणारं कोणी नसे. बाकावर टेकून आपली पाळी येण्याची वाट पाहणारी, खोकणारी, कण्हणारी, डॉक्टरांपेक्षा कंपाउंडरलाच खरं दुखणं सांगणारी माणसं असत.

लेखकांचं हे मंडळ महिन्यातून एकदा वाचनालयाच्या माडीवर भरे. मंडळाच्या चिटणीस एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. बाईंनी दोन नियम घालून दिले होते. एकदा वाचलेलं पुन्हा वाचायचं नाही, हा पहिला. दुसरा असा की वाचन झालं की प्रत्येकानं एक गोड आणि एक तिखट सांगायचं: काय आवडलं ते आणि कुठं फसलं ते. तिखटाला सूट कोणालाच नव्हती. पोस्टमास्तरांच्या एका कवितेवर एवढं तिखट पडलं होतं, की पुढचे काही महिने ते फक्त खुर्च्या मांडायला येत.

कंपाउंडरची बायको या माडीवर कधी चढली नव्हती. गल्लीत त्यांना शिवणकाकू म्हणत. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, जे येईल ते त्या शिवत. कंपाउंडरनी एकदोनदा आग्रह केला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मी तिथं येऊन काय करू? गोड-तिखट मी घरी रोजच करते."

नवऱ्याचं लिखाणही त्यांनी वाचलं नव्हतं. तो त्या दोघांमधला करारच होता. "दोन पुठ्ठ्यांच्या मधे आलं की वाच," कंपाउंडर म्हणायचे. "कच्चं औषध कोणाला देऊ नये." मंडळातल्या बहुतेकांचा असाही एक समज होता, की लिहिण्याआधी गोष्ट तोंडानं सांगून टाकली की ती पातळ होते. कंपाउंडर हा समज काटेकोरपणे पाळत. अपवाद फक्त एका गोष्टीचा होता आणि तोही अर्धाच.

ती गोष्ट बाटलीची. एक माणूस दवाखान्याच्या खिडकीशी येतो. हातात औषधाची बाटली, बूच न काढलेलं, पट्टीवरची एकही मात्रा न संपलेली. औषध त्याच्या बायकोसाठी नेलेलं असतं. बाटली खिडकीत ठेवून तो म्हणतो, हे परत घ्या. पैसे नकोत, फक्त परत घ्या. मग खिडकीच्या आतला कंपाउंडर त्याला काहीतरी सांगतो.

काय सांगतो, ते काकूंना ठाऊक नव्हतं. हे घडलेलं होतं, एवढं मात्र ठाऊक होतं. कारण पुष्कळ वर्षांपूर्वी एका संध्याकाळी नवरा घरी आला तो मागच्या पायरीवर जाऊन बसला, जेवायला उठला नाही आणि विचारलं तर "कामाचं काही नाही" एवढंच म्हणाला. त्या संध्याकाळचं उत्तर आता या गोष्टीत यायचं होतं. जेवायच्या पानावर बसल्या बसल्या कंपाउंडर गोष्ट खिडकीपर्यंत आणत आणि थांबत.

"पुढं?" काकू विचारत.

"पुढचं कागदावर. आत्ता सांगितलं तर लिहू काय?"

त्या उन्हाळ्यात कंपाउंडर एकदा भर दुपारी कपडे करून दाराशी उभे राहिले आणि दवाखान्याची किल्ली मागू लागले. तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होते, पण आडवळणानं बोलले नाहीत. विसरणं वाढत जाईल, थांबणार नाही. जे करून घ्यायचं असेल ते आताच करून घ्या, म्हणाले. काकूंनी दवाखान्याबाहेरच ठरवलं, की पुस्तक व्हायला हवं. घरी आल्यावर त्यांनी मशीन भिंतीकडे सरकवलं, कापायचं मोठं टेबल मोकळं केलं आणि नवऱ्याला त्यावर कागद मांडून दिले.

कंपाउंडर रोज सकाळी बसत. लेखणी थांबत नसे. एका बाजूला लिहिलेल्या पानांची चळत चढत होती. काकू अभ्र्यांना टिपा घालता घालता त्या चळतीकडे पाहत आणि त्यांना बरं वाटे. महिन्याच्या सभेला पोस्टमास्तर स्कूटरवरून त्यांना नेत, परत आणून सोडत.

"कशी झाली?" काकू विचारत.

"सगळ्यांना आवडली. तिखट कोणी बोललंच नाही."

"नवी होती ना?"

"मग? जुनी वाचू देतात होय बाई?"

पाऊस सरून हवा कोरडी झाली, तेव्हा मंडळानं एक प्रकाशक बोलावला. लिहिलेल्याचं पुस्तक कसं होतं, हे तो समजावून सांगणार होता. ज्यांच्याकडे बाड तयार असेल त्यांनी ते घेऊन यावं, असा निरोप होता. पोस्टमास्तर त्या दिवशी माडीवरच्या व्यवस्थेत अडकले होते, म्हणून काकू निघाल्या. पानांचं बाड त्यांनी जाड कापडाच्या पिशवीत घातलं.

"बाटलीची झाली का लिहून?" जिना चढताना त्यांनी विचारलं.

"झाली की. आज तीच वाचतो. तूही आहेस."

काकूंनी कठडा घट्ट धरला. जिना उभा होता, म्हणून नव्हे.

प्रकाशक सडपातळ, हसतमुख माणूस होता. लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढणाऱ्यांपासून लांब राहा म्हणाला. छपाईपूर्वीची मुद्रितं स्वतः तपासू नका, कारण आपल्या चुका आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, हेही सांगितलं. आणि कथासंग्रह अगदी बारीक नको. "पुस्तक कपाटात उभं राहतं तेव्हा त्याची फक्त पाठ दिसते. पाठीवर नावच मावलं नाही तर वाचकानं ओळखायचं कसं?"

"कविता असल्या तर?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"कवितांना पाठ कशाला?" मागून कोणीतरी म्हणालं, "त्यांच्याकडे लोकच पाठ फिरवतात." पोस्टमास्तर स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसले.

मग वाचन. कंपाउंडर उठले, चष्मा पुसला, पानं डोळ्यांजवळ धरली. काकूंनी मांडीवर हात जुळवले.

"मुलगी वजनकाट्यावर उभी राहिली, की काटा हलायचा नाही, डॉक्टर हलायचे," कंपाउंडरनी सुरुवात केली.

ही बाटलीची नव्हती. दर आठवड्याला नुसतं वजन करून घ्यायला येणाऱ्या एका हाडकुळ्या मुलीची होती. असेल, काकूंनी मनाशी म्हटलं, ऐन वेळी बदलली असेल. त्या ऐकत राहिल्या. गोष्ट छान होती, इतकी की त्यांना नवऱ्याचा अभिमान वाटू लागला. एवढ्यात त्यांचं लक्ष शेजारी गेलं. शेजारी बँकेत कामाला असलेली एक तरुण मुलगी बसली होती. तिचे ओठ हलत होते. कंपाउंडर वाक्याच्या टोकाला पोहोचत, त्याच्या किंचित आधी तिचे ओठ मिटत. शाळेत पाठ म्हणणाऱ्या पोराबरोबर वर्गातली बाकीची पोरं म्हणतात, तसं. तिला ते कळतही नव्हतं.

वाचन संपलं. टाळ्या पडल्या. एकेकानं गोड सांगितलं. भाषा किती साधी, मुलगी किती डोळ्यांसमोर उभी राहते. तिखट कोणी सांगितलं नाही. कंपाउंडर लाजल्यासारखे हसले आणि खाली बसले.

चहाच्या वेळी काकूंनी बँकेतल्या मुलीला खिडकीशी गाठलं.

"ही गोष्ट तू किती वेळा ऐकलीस?"

मुलीनं कपाकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाई स्वतःच जवळ आल्या.

"वहिनी, उन्हाळ्यापासून हीच," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दुसऱ्यांदा वाचली तेव्हा मी थांबवणार होते. पण त्यांचा चेहरा पाहिला. त्यांच्या मनानं पहिल्यांदाच वाचत होते ते. मग आम्ही सगळ्यांनी... काही ठरवून नाही केलं. आपोआप झालं ते."

"आणि ते रोज लिहीत होते ते?"

बाईंनी टेबलाकडे पाहिलं. प्रकाशक पिशवीतलं बाड चाळत होता. तो एक पान बघे, मग मधलंच दुसरं उचले, दोन्ही शेजारी धरे. त्याचा हसरा चेहरा आता तसा राहिला नव्हता. पानामागून पान काट्यावरची मुलगी उभी होती.

"मला एका शब्दानं तरी सांगायचं होतं," काकू म्हणाल्या.

"किती आनंदात असायचे ते, वहिनी. तो आनंद कसा काढून घ्यायचा?"

"आनंदात असायचे म्हणून तर घरी येऊन निवांत व्हायचे. संपलं, जमलं, लोकांना आवडलं. उन्हाळ्यात ती दुसरी गोष्ट त्यांच्याजवळ होती, बाई. मी जेवताना अर्धी ऐकलीय. तेव्हा कोणी म्हटलं असतं, हे झालंय, दुसरं आणा, तर त्यांनी आणलं असतं. दुखणं त्यांना आहे. तुम्हाला तर नव्हतं ना?"

सगळी हयात शिकवण्यात गेलेली बाई. पण हा धडा कुठल्याच इयत्तेला नव्हता.

"आता सांगा त्यांना. तुमचं तिखट," काकू म्हणाल्या.

"आज? पाहुण्यांसमोर?"

"आजच. उद्या कोणाला सांगाल?"

चहा संपून सगळे बसले. बाई कंपाउंडरसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी ते सांगितलं. आवाज शाळेतला नव्हता. ही कथा तुम्ही आधी वाचली आहे म्हणाल्या.

"कधी?"

"पुष्कळदा," पोस्टमास्तर जमिनीकडे पाहत म्हणाले.

कंपाउंडरनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. कान तांबडे झाले. हातातली पानं त्यांनी नीट जुळवली, घडी घातली, पुन्हा उलगडली.

"मग तुम्ही गप्प का बसलात?" ते म्हणाले. "मी कोणाला चुकीची पुडी दिली असती तर डॉक्टरांनी माझा हात धरला असता."

मग कंपाउंडर उठून उभे राहिले. पानं त्यांनी खुर्चीवर ठेवून दिली.

"दुसरी आहे. लिहिलेली नाही, सांगतो."

काकूंनी बँकेतल्या मुलीच्या मनगटाला स्पर्श केला. तिनं मोबाइल काढून रेकॉर्डिंगला लावला आणि टेबलावर ठेवला. कंपाउंडर बोलू लागले. आवाज जुना होता, ठाम, खिडकीच्या आतून येणारा. माणूस आला. बाटली त्यानं रुमालात गुंडाळून आणली होती. बूच तसंच होतं, मेणही तसंच. परत घ्या म्हणाला. मी म्हटलं, दिलेलं औषध परत घेता येत नाही. तो गेला नाही. मागं रांग होती. तो म्हणाला, घरात ठेवली तर मला रोज वाटेल की अजून द्यायची आहे.

हे वाक्य काकूंनी कधी ऐकलं नव्हतं.

"तेव्हा मी बाटली हातात घेतली," कंपाउंडर म्हणाले, "आणि त्याला म्हटलं..."

ते थांबले. शब्द शोधत होते. उजव्या हाताची बोटं बूच पिळल्यासारखी फिरत होती. नजर काकूंवर होती. ती रिकामी नव्हती. माणूस फळीवरची मागची बाटली काढताना जसा पाहतो, तशी होती.

बाईंनी आयुष्यभर शाळेची संमेलनं बसवली होती. मंचावर पोर अडलं की पहिली टाळी बाईंनी वाजवायची, म्हणजे सभागृह वाजवतं आणि पोराची लाज झाकली जाते. इतक्या वर्षांची सवय हातात मुरलेली. त्यांनी टाळी वाजवली. मागोमाग सगळ्यांनी वाजवली. पोस्टमास्तरांनी तर उभं राहून वाजवली. प्रकाशकही वाजवत होता आणि डोळे पुसत होता.

कंपाउंडरनी दचकून सभोवार पाहिलं. मग चेहरा सैलावला. त्यांनी हात जोडले आणि खाली बसले.

बाईंचे हात मधेच थांबले. काय झालं ते त्यांना कळलं. बाकीच्यांना टाळ्या विरल्यावर.

काकू नवऱ्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. "अहो, पुढं? काय म्हटलंत तुम्ही त्याला?"

"कोणाला?"

"त्या माणसाला. बाटलीवाल्या."

कंपाउंडरनी खरोखर प्रयत्न केला. कपाळावर आठी आली आणि गेली. "झाली की गोष्ट," ते म्हणाले. "टाळ्या ऐकल्यास ना?"

प्रकाशकानं बाड कापडी पिशवीत भरून दिलं. बारीक पुस्तिका काढता येईल, पाठ नसली तरी चालेल, असं काहीसं तो पुटपुटला. बाई जिन्यापर्यंत आल्या. त्यांना हात जोडायचे होते की काकूंचा हात धरायचा होता, कोण जाणे. दोन्ही झालं नाही. काकू नवऱ्याला एकेक पायरी सांगत खाली उतरल्या.

रस्त्यावर दुकानांचे दिवे लागत होते. कंपाउंडर खुशीत होते, ताठ चालत होते, पण रस्ता ओलांडताना त्यांनी आपण होऊन बायकोचा दंड धरला. पलीकडच्या पदपथावर आल्यावर म्हणाले, "मंडळी चांगली आहेत गं. पुढच्या महिन्यात काय वाचू?"

काकूंनी बाडाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"काट्यावरच्या मुलीची वाचा," त्या म्हणाल्या.

"चांगली आहे ती?"

"छान आहे. लोकांना आवडेल."